मनामाहून एका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात

बहरीनचे मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ५५ किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी १८ किलोमीटरच्या आसपास आहे. मनामा त्याच्या ईशान्य टोकाला. राजधानीतून निघालो की या बेटावरचा कुठलाही रस्ता तासाभरात संपतो, आणि नव्याने आलेल्यांची फसगत नेमकी इथेच होते. नकाशावर सगळे हाताशी दिसते, म्हणून कलअत अल बहरीन हा किल्ला, वाळवंटातले ‘ट्री ऑफ लाइफ’ हे प्रसिद्ध झाड, शेजारच्या मुहर्रक शहराच्या गल्ल्या आणि वन्यप्राणी उद्यान एकाच शुक्रवारी बसवले जाते. मग ऐन बाराला किल्ल्यावर ऊन डोक्यावर घ्यायचे, एकला बंद दुकानांसमोर उभे राहायचे आणि झाडापाशी पोचेपर्यंत अंधार पडलेला. ऊन, जुम्म्याची नमाज, संग्रहालयाचा सुट्टीचा वार, ओहोटीची वेळ आणि परतीचे वाहन, या पाच गोष्टी आधी पाहा. किलोमीटर सगळ्यांत शेवटी.

कामानिमित्त बहरीनला आलेल्यांना, आणि हिवाळ्यात आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना बोलावून घेणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने पुढचे सगळे लिहिले आहे.

पहिली पायरी: वार आणि वेळ

बाहेर हिंडायचा हंगाम नोव्हेंबर ते मार्चचा मध्य. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी अंगावर स्वेटर लागतो आणि एखाद-दुसरा पाऊसही होतो. एप्रिल आणि ऑक्टोबर चालवून घेता येतात. जून ते सप्टेंबर मात्र पारा चाळिशीच्या पुढे आणि वर समुद्राची दमट हवा. मुंबईच्या मे महिन्याची सवय इथे कामाला येत नाही, कारण सावलीच नाही. या दिवसांत बाहेरची ठिकाणे सकाळी साडेआठच्या आत उरकायची, दुपार वातानुकूलित संग्रहालयात काढायची आणि पुन्हा बाहेर पडायचे ते सूर्य कलल्यावर.

सूर्यास्ताची वेळ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बहरीनचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे आणि डिसेंबरात इथे सूर्य पाचच्या आतच मावळतो. मुंबईत डिसेंबरातला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. "चारला निघू, निवांत बघू" हा आपला नेहमीचा हिशेब इथे हिवाळ्यात चुकतो. उन्हाळ्यातही सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणून त्या दिवसाचा सूर्यास्त आधी बघून घ्या आणि उघड्यावरच्या शेवटच्या ठिकाणी त्याच्या सव्वा तास आधी पोचायचे ठरवून बाकीचा दिवस मागे मागे मोजत या.

साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी साधारण साडेअकरा ते एक-दीड नमाजेची वेळ असते, बरीचशी दुकाने बंद असतात आणि मोठ्या मशिदींभोवती गाड्यांची गर्दी होते. त्यामुळे पूर्ण दिवसाची सहल शनिवारी ठेवा. शुक्रवार हवाच असेल तर जेवणानंतर निघा. अल फतेह मशीद बघायची असेल तर शुक्रवार सोडून दुसरा वार घ्या, कारण त्या दिवशी इतर धर्मीय पाहुण्यांना आत घेत नाहीत. एरवी नमाजेच्या वेळा सोडून ती मोफत दाखवली जाते, माहिती सांगायला माणूस सोबत येतो, आणि बायकांसाठी अबाया (अंगभर झगा) व डोक्यावरचा रुमाल तिथेच मिळतो.

संग्रहालयांचा सुट्टीचा वार एकसारखा नाही. राष्ट्रीय संग्रहालय एका वारी बंद, किल्ल्याचे दुसऱ्याच वारी, आणि मुहर्रकमधल्या जुन्या घरांचे वेळापत्रक आणखी निराळे. आदल्या दिवशी बहरीनच्या संस्कृती व पुरातत्त्व प्राधिकरणाच्या पानावर वेळ पाहून घ्या. गुगल नकाशावरची वेळ, विशेषतः रमझानात आणि सणावारी, बिनचूक असेलच असे नाही. रमझानात दिवसा चारचौघांत खाणे-पिणे टाळायचे असते, गाडीत बसूनही. मोहरममधल्या आशूराच्या दिवसांत मनामाच्या जुन्या भागातून मिरवणुका निघतात आणि रस्ते बंद होतात. त्या दिवशी शहरातून बाहेर पडायला वेळ धरून ठेवा.

दुसरी पायरी: एका दिवसाला एकच दिशा

मनामापासून पाच दिशा धरता येतात. पश्चिमेला किल्ला, देवळाचे अवशेष आणि थडग्यांचे ढिगारे. दक्षिणेला वाळवंट, तेलविहीर आणि झाड. पूल ओलांडून ईशान्येला मुहर्रक. पूर्वेला सित्रावरून होडीने छोटी बेटे. आणि पश्चिमेच्या कॉजवेवरून, म्हणजे समुद्रावरच्या लांब पुलावरून, सौदी. एका दिवसात यांतली एकच घ्या, फार तर मुहर्रकची संध्याकाळ दुसऱ्या कशाला तरी जोडा, कारण ते दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

तिसरी पायरी: वाहन

लाल सार्वजनिक बसगाड्या स्वच्छ, गार आणि स्वस्त आहेत. रोख तिकीट ३०० फिल्स, गो कार्डावर थोडे कमी. सुटी नाणी जवळ ठेवा. मनामा, मुहर्रक आणि ईसा टाउन ही मुख्य स्थानके, आणि विमानतळाहून शहरात येणाऱ्या बसही आहेत. मुहर्रकसाठी बस पुरते. किल्ल्याच्या दारापर्यंत ती जात नाही, शेवटचे अंतर उन्हात पायी पडते. झाडापर्यंत तर बस नाहीच.

टॅक्सीने जायचे तर मीटर किंवा अॅप वापरा. दक्षिणेकडे जाताना फसतात ते येताना: ओसाड जागी सोडून टॅक्सी परत गेली की तिथून अॅपवर दुसरी मिळेलच याची खात्री नाही. म्हणून तिथे जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधी बोलून टॅक्सी थांबवून ठेवायची. दर बोलताना दिनार की फिल्स हे स्पष्ट विचारा. एका दिनारात १,००० फिल्स असतात आणि एक दिनार म्हणजे दोनशे रुपयांहून जास्त. नुसते "पाच" म्हटले तर ते पाच दिनार असतात.

तीन-चार जण असाल तर भाड्याची गाडी सर्वांत सोयीची. पाहुण्यांनी भारतातला परवाना आणि आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना दोन्ही आणावेत. तो मायदेशीच काढावा लागतो, इथे पोचल्यावर आठवून उपयोग नाही. रहिवाशांना बहरीनचा परवाना लागतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, आणि चौकातल्या वर्तुळात आधीपासून असलेल्या गाडीला वाट द्यायची. पहिल्या दिवशी नवखे चुकतात ते बहुतेक याच वर्तुळांत: बाहेर पडायची लेन शेवटच्या क्षणी बदलतात. वाट चुकली तर आणखी एक फेरी मारा, काही बिघडत नाही. वेग, सिग्नल आणि हातातला मोबाइल यांवर कॅमेऱ्यांची नजर असते.

पश्चिम: आधी आली, मग बारबार, शेवटी किल्ला

एकच सहल जमणार असेल तर ही करा. बहुतेक लोक सकाळी आधी किल्ला करतात. हिवाळ्यात क्रम उलटा ठेवा, किल्ला संध्याकाळी.

सकाळी नऊच्या सुमारास आली गावात पोचा. दिलमून संस्कृतीच्या काळातले, इसवी सन पूर्व २२०० ते १७५० या दरम्यानचे थडग्यांचे ढिगारे इथे आणि आसपास पसरलेले आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या २१ ठिकाणांत मिळून असे ११,७७४ ढिगारे मोजले आहेत. आलीत त्यांतले सर्वांत मोठे, म्हणजे राजघराण्याचे ढिगारे आहेत, आणि ते चक्क घरांच्या मधोमध उभे आहेत: एका बाजूला वाळत घातलेले कपडे, दुसऱ्या बाजूला चार हजार वर्षांपूर्वीचे थडगे. त्यांवर चढायचे नाही. मऊ मातीचे आहेत, घसरतात. गाडी कोणाच्या फाटकासमोर लावू नका, गल्ल्या अरुंद आहेत. गावातच कुंभारांचे कारखाने आहेत. सकाळी चाकावर काम चालू असते आणि बघू देतात. वस्तू घेतलीत तर कागदात दोनदा गुंडाळून मागा. इथली मडकी हलक्या भाजणीची असतात आणि विमानातल्या सामानात हमखास फुटतात, म्हणून ती हातातल्या पिशवीतच ठेवा.

दुपारचे जेवण बुदैया रस्त्यावर उरका. मग बारबार. इथे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात एकावर एक बांधलेल्या तीन देवळांचे चौथरे आहेत आणि पायऱ्या उतरून जायची एक विहीर आहे. डेन्मार्कच्या पथकाने १९५४ पासून हे खणून काढले. इथे सापडलेले तांब्याचे बैलाचे मुंडके आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जागा छोटी, सावली नाही, अर्धा तास पुरे. आधी माहिती न वाचता गेलात तर नुसते दगड दिसतात.

किल्ल्याच्या संग्रहालयात सूर्यास्ताच्या अडीच तास आधी शिरा. ते समुद्राकाठी, किल्ल्याच्या शेजारीच आहे. आधी संग्रहालय आणि मग किल्ला, हा क्रम मोडू नका. कलअत अल बहरीन म्हणजे केवळ पोर्तुगिजांच्या वेळचा तटबंदीचा किल्ला नव्हे. साधारण ३०० बाय ६०० मीटरची ही टेकडीच माणसांनी केलेली आहे. इसवी सन पूर्व २३०० पासून सोळाव्या शतकापर्यंत एका वस्तीच्या मातीवर दुसरी वस्ती उठत गेली. दिलमूनची राजधानी इथे होती. संग्रहालयातल्या उंच भिंतीवर हे थर मांडून दाखवले आहेत. ती भिंत डोक्यात बसली की बाहेरचा प्रत्येक खड्डा वाचता येतो. सापांची हाडे ठेवून जमिनीखाली पुरलेली वाडगी इथे सापडली, त्यांच्यापाशी थांबा. दिलमूनच्या गोल मुद्रा आणि सिंधू संस्कृतीच्या मापाची वजने हा आपल्याला जवळचा भाग. गुजरातेत लोथलला आखाती पद्धतीची मुद्रा सापडली आहे, म्हणजे हा व्यापार दोन्ही बाजूंनी चालत होता.

मग बाहेर या आणि उत्खननातली मदबसा शोधा. ही खजुराचा पाक काढायची खोली. जमिनीवर हाताच्या रुंदीचे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये पन्हळी, सगळ्या एका बाजूला उतरत्या. खजुराच्या गोण्या वर रचायच्या, त्यांच्याच वजनाने आणि उष्णतेने रस सुटायचा, पन्हळीतून वाहत जाऊन टोकाच्या रांजणात पडायचा. काकवी करणाऱ्या गावचे असाल तर हे यंत्र एका नजरेत कळेल. तटावर चढायला पायऱ्या उंच-सखल आहेत आणि कठडे सगळीकडे नाहीत, त्यामुळे लहान मुलांचा हात धरावा. गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना संग्रहालयाच्या समुद्राकाठच्या कॅफेत बसवून बाकीच्यांनी वर जावे. तिथूनही पाणी आणि किल्ला दोन्ही दिसतात. सूर्य मावळेपर्यंत थांबा, पण अंधार पडायच्या आत खाली उतरा.

एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये हाच बेत उलटा करायचा. उघडताच किल्ला, मग गार संग्रहालय, आणि बारबार सोडून द्या.

दक्षिण: रिफाचा किल्ला, पहिली तेलविहीर आणि झाड

हा अर्ध्या दिवसाचा बेत आहे. हिवाळ्यात दुपारी साडेबाराला निघा. पहिला मुक्काम रिफाचा किल्ला. १८१२ मध्ये बांधलेला, खाली हुनैनिया दरी. पाऊण तास पुरतो. पुढे आवाली ओलांडली की तेलाच्या नळांचे जाळे दिसू लागते. जबल दुखान हा देशातला सर्वांत उंच डोंगर. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम १३४ मीटर. पण सपाट वाळवंटात तो लांबून दिसतो. त्याच्या पायथ्याशी अरबी आखाताच्या या किनाऱ्यावरची पहिली तेलविहीर आहे. खोदाई ऑक्टोबर १९३१ मध्ये सुरू झाली आणि जून १९३२ मध्ये तेल लागले. शेजारी तेलाचे छोटे संग्रहालय आहे. ते अनेकदा बंद असते, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका. विहीर बाहेरून बघता येते.

झाड मनामापासून सुमारे ४० किलोमीटरवर. उंची पावणेदहा मीटर, वय चारशे वर्षांच्या वर, आणि आसपास नजर जाईल तिथवर दुसरे मोठे झाड नाही. जात कोणती? प्रोसोपिस सिनेरारिया, म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. मुळे फार खोल जाऊन पाणी गाठत असावीत असा अंदाज आहे. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर वळलेल्या आहेत. पूर्वी लोक खोडावर नावे कोरायचे, आता झाडाभोवती कुंपण आहे. ते ओलांडू नका, मुलांना फांदीवर बसवून फोटो काढू नका. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचलात तर प्रकाश तिरपा असतो आणि खोडाचे पीळ स्पष्ट दिसतात. ऐन दुपारी पोचलेल्यांना "एवढेच का?" असे वाटते. तो दोष वेळेचा.

या बाजूला निघण्यापूर्वी पेट्रोल, पाणी आणि स्वच्छतागृह तिन्ही रिफा-आवालीकडे उरकून घ्या. पुढे कोपऱ्यावर कोल्ड स्टोअर (किराणा दुकान) मिळेल या आशेवर राहू नका. साधी गाडी चालते, पण दाबलेला रस्ता सोडून बाजूच्या वाळूत चाक घालायचे नाही. फोटोसाठी दहा फूट आत घेतलेली गाडी हमखास रुतते. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक फिरून स्वतःचा खड्डा खोल करते. सगळ्यांना उतरवा, चारही चाकांसमोरची वाळू हाताने काढा, चालवणाऱ्या चाकांखाली पायपुसणी सरकवा, टायरमधली हवा वीस पीएसआयच्या आसपास आणा आणि चाके सरळ ठेवून हळूच, आलो त्याच वाटेने मागे घ्या. मग जवळच्या पंपावर हवा भरेपर्यंत सावकाश चालवा.

कुंपण घातलेल्या लष्करी आणि तेल कंपनीच्या जागा या भागात बऱ्याच आहेत. त्यांचे फोटो काढू नका. ड्रोन परवान्याशिवाय उडवता येत नाही. हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात तंबूंचा हंगाम असतो आणि संध्याकाळी चारचाकी वाळूगाड्या घेतलेली मुले अचानक रस्ता ओलांडतात, म्हणून परतताना वेग कमी ठेवा.

मुले सोबत असतील तर रिफाऐवजी सकाळी अल अरीन वन्यप्राणी उद्यान घ्या. अरबी ओरिक्स हे पांढरे, लांब सरळ शिंगांचे हरीण रानातून १९७२ मध्ये नाहीसे झाले होते. ते इथे कळपाने दिसते. आत बसने फिरवतात. सकाळी प्राणी हिंडत असतात, दुपारी सगळे सावलीत बसून राहतात. सखीरचे मोटार शर्यतीचे मैदान याच बाजूला आहे. मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत २००४ मध्ये इथे झाली. शर्यतीच्या शनिवार-रविवारी दक्षिणेचा बेतच करू नका, रस्ता तुंबतो.

मुहर्रक: मोत्यांची वाट

दुपारी साडेतीनला निघा, रात्रीच्या जेवणापर्यंत थांबा. तेलाआधी बहरीन जगत होते मोत्यांवर, आणि ते मोती मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात येत. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये रुपया चालत होता. १९३०च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानी कल्चर्ड मोती यांनी हा धंदा बसवला. साडेतीन किलोमीटरची ही वाट २०१२ पासून जागतिक वारसा आहे: १७ इमारती, किनाऱ्यावरचा बू माहिर किल्ला आणि समुद्रातली तीन शिंपल्यांची ठिकाणे मिळून.

सगळी वाट एका दमात चालायची गरज नाही. सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, बाजूने सुरुवात करा, वाटेवरच्या मोत्यासारख्या गोल दिव्यांचा माग धरा. सियादी या मोतीव्यापाऱ्यांच्या घराचे कोरीव जिप्सम आणि बहरीनचे एकेकाळचे शासक शेख ईसा बिन अलींच्या घराचा वाऱ्याचा मनोरा, ही दोन चुकवू नका. मनोऱ्याखाली उभे राहून वर तोंड करा. चारही बाजूंनी येणारा वारा पकडून खाली खोलीत सोडायची सोय लगेच लक्षात येते. ही वस्ती आहे, दिखाव्याचे गाव नव्हे. उघड्या दारातून आत डोकावू नका आणि बायका-मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गुडघे झाकणारे कपडे घाला.

सूकमध्ये हलवा घ्या. साखर, कॉर्नस्टार्च, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी आणि सुका मेवा घालून तो घोटतात. आधी चव बघू देतात. घरी न्यायचा असेल तर गरम डबा लगेच बंद करू नका, वाफेचे पाणी धरते. सोबत एक कप कराक, म्हणजे दुधाचा कडक चहा.

शाकाहारी मंडळींनी पोटभर जेवण मनामात उरकावे. बाब अल बहरीनमागच्या सूकमध्ये, दोनशे वर्षांहून जुन्या श्रीनाथजी मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत शुद्ध शाकाहारी खानावळी आहेत. मंदिर सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळी उघडते. आत फोटो काढायचे नाहीत.

समुद्र: जरादा आणि अल दार

जरादा हा ओहोटीला वर येणारा वाळूचा पट्टा. भरतीला तो जवळजवळ सगळा पाण्याखाली जातो. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कतारबरोबरच्या वादात हा पट्टा बहरीनचा ठरवला. तिथे दिवस तुम्ही ठरवत नाही, ओहोटी ठरवते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान पूर्ण ओहोटी असलेला वार शोधा, त्याच्या दीड तास आधी पोचा आणि पाणी चढू लागले की होडीत बसा. ओहोटी संध्याकाळी असलेल्या दिवशी गेलात तर उभे राहायलाही वाळू मिळत नाही. होडीवाला "चलेल, चलेल" म्हणाला तरी वेळापत्रक स्वतः बघा.

होड्या सित्राच्या बाजूने सुटतात. दोन-तीन दिवस आधी ठरवा आणि चार गोष्टी विचारून घ्या: किती तास, किती माणसे, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का, आणि वाऱ्यामुळे रद्द झाले तर पैसे परत का. वायव्येचा शमाल वारा सुटला की होड्या थांबतात. ते योग्यच आहे, हट्ट धरू नका. सीपीआर कार्ड (बहरीनचे ओळखपत्र) किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. जरादावर सावली, पाणी, स्वच्छतागृह काही नाही. पायात रबरी चपला हव्यात, शिंपले कापतात. लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील तर जरादा सोडा आणि अल दार बेटावर जा. होडीने ते अगदी जवळ आहे, किनाऱ्यावर सावली आणि सोयी आहेत.

पिशवीत काय

हिवाळ्यात अर्ध्या दिवसाला माणशी दीड लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. टोपी, सनस्क्रीन, पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि संग्रहालयातल्या कडक गारव्यासाठी एक ओढणी किंवा जॅकेट. डब्यात दही-भात, कापलेली फळे किंवा अंडी उन्हाळ्यात नेऊ नका. दशम्या, थालीपीठ, सुकी चटणी टिकते. बंद गाडीत औषधे ठेवू नका. इन्शुलिन असेल तर बर्फाच्या पिशवीतून बरोबरच घ्या. तातडीचा क्रमांक ९९९.

कॉजवेपलीकडे: खोबर आणि धहरान

१९८६ मध्ये खुला झालेला २५ किलोमीटरचा किंग फहद कॉजवे ओलांडला की सौदीतले खोबर शहर. धहरानचे इथ्रा हे सांस्कृतिक केंद्र फक्त तेवढ्यासाठीही जाण्यासारखे आहे. पण आधी कागद तपासा. सौदीचा व्हिसा वेगळा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बहरीनला परत येता येईल ना? आई-बाबांचा बहरीन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर कॉजवे ओलांडताच तो संपतो आणि परतीच्या खिडकीवर ते अडकतात. व्हिसावर अनेक प्रवेशांचा उल्लेख आहे का ते वाचल्याशिवाय त्यांना गाडीत बसवू नका. गाडी स्वतःच्या नावावर नसेल तर मालकाचे अधिकारपत्र लागते. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना सौदीत नेण्याची परवानगीच नसते. सौदीत चालणारा विमाही लागतो.

गाडी आदल्या रात्री रिकामी करा. बहरीनमध्ये कायदेशीर विकत घेतलेली मद्याची बाटली डिकीत राहिली असेल तर सौदीच्या तपासणीत तो गंभीर गुन्हा ठरतो. खसखसही सौदीत बंदी असलेली वस्तू आहे. दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन निघणाऱ्यांनी अनारसे घरीच ठेवावेत. मसाल्याच्या पुड्यांतही खसखस नाही ना, ते बघून घ्या. झोपेची किंवा तीव्र वेदनांची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

गुरुवारी संध्याकाळी सौदीतून बहरीनकडे गाड्यांची रांग लागते, शनिवारी संध्याकाळी उलट दिशेला. त्यामुळे शनिवारी सकाळी सातच्या आत निघून संध्याकाळी परतणे सर्वांत सोपे. परतीची बाजू तेव्हा मोकळी असते. गुरुवारी दुपारी खोबरला गेलात तर रात्री घरी यायला किती तास लागतील ते कोणीच सांगू शकत नाही.